एकाच झाडाचं पान वेगळं निघतंय: रोग, कमतरता, औषधाचा फटका की जात्याच बदल?

तक्रारी साधारण अशा येतात:

– मक्याच्या किंवा ज्वारीच्या एखाद्याच झाडाला पांढऱ्या-हिरव्या उभ्या रेघा, शेजारची झाडं ठणठणीत.
– उगवणीतच काही रोपं पांढरीफटक, आणि दोनेक आठवड्यांत वाळून गेलेली.
– पऱ्हाटीची पानं अचानक भेंडीच्या पानासारखी चिरलेली, शिरा एकमेकींना चिकटल्यासारख्या.
– सोयाबीनच्या देठाला तीनाऐवजी पाच पानं, किंवा रुंद पानाच्या प्लॉटमध्ये मधूनच निमुळत्या पानाचं झाड.
– तुरीचं झाड झुडपासारखं, बारीक फिकट पानांचं, आणि फुलोऱ्याचा पत्ता नाही.
– टिश्यूकल्चर केळीत एखादं रोप जाड, अरुंद, चामड्यासारख्या पानांचं.
– मोसंबीच्या एकाच फांदीवर पानांना पांढरी-पिवळी कड.

जालना-बदनापूर पट्ट्यात बियाण्याच्या प्लॉटवर देखरेख आणि भेसळ काढणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे असे फोटो दर हंगामात येतात. फोटोखाली प्रश्न एकच असतो: "दादा, कोणतं औषध मारू?" त्याआधी बहुतेकांनी दुकानातून सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली, एखादं बुरशीनाशक आणि 'टॉनिक' एकत्र मारलेलं असतं. माझं सांगणं असं, की पंपाला हात लावण्याआधी दोन गोष्टी वाचायला शिका: शेतात ती झाडं कुठे आहेत, आणि पानावर रंग नेमका कुठे संपतो. निम्म्याहून जास्त निकाल तिथेच लागतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

खालच्या तपासण्या स्वस्ताकडून महागाकडे लावल्या आहेत. जिथे उत्तर मिळेल तिथे थांबा.

आधी शेत फिरा, झाड नंतर

धुऱ्यावर उभं राहून नाही, तासातासाने आडवं-उभं फिरा. वेगळी झाडं कागदावर ठिपक्यांनी मांडा.

एका बाजूचे सगळे तास बाधित आणि आत जावं तसं कमी होत गेलेलं दिसलं, तर वाऱ्याने आलेलं तणनाशक समजा. सखल भागात, पाणी साचतं तिथेच पिवळं असेल तर वाफसा नाही. चुनखडीच्या पट्ट्यात सगळंच पिवळं असेल तर लोह. ठिपक्यांचे पुंजके असतील आणि आठ दिवसांनी ते मोठे झाले असतील तर विषाणू किंवा कीड.

अख्ख्या शेतात एखाद-दुसरंच झाड, कुठेही, कसलाही क्रम नाही, आणि आठ दिवसांनी मोजलं तरी तेवढीच संख्या, असं असेल तर जनुकातल्या बदलाचा किंवा भेसळीचा संशय धरायला जागा आहे. जनुकातला असा बदल, म्हणजे उत्परिवर्तन, शेजारच्या झाडाला लागत नाही. म्हणून दुसऱ्यांदा मोजणं पहिल्या मोजण्याइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

रंगाची कड बघा

पान तोडून सूर्याकडे धरा. पांढरा आणि हिरवा रंग जिथे भेटतात तिथे कड कशी आहे? सुरीने कापल्यासारखी धारदार, की हळूहळू विरत गेलेली?

कमतरतेत कड विरते. लोह कमी पडलं की शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट होतो, मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखाच. जस्त कमी पडलं की मक्याच्या नव्या पानाच्या बुडाकडे मध्यशिरेच्या दोन्ही अंगांना पांढरट पट्टे येतात. इथेही दोन्ही अंगांना, कारण अन्नद्रव्य दोन्हीकडे सारखंच कमी पडलेलं असतं.

जात्याच बदललेल्या पानात कड धारदार असते आणि बऱ्याचदा पट्टा मध्यशिरेच्या एकाच बाजूला असतो. त्याचं कारण पेशीत आहे. शेंड्याच्या वाढबिंदूतल्या एखाद्या पेशीत बिघाड झाला, की तिच्यापासून पुढे जेवढ्या पेशी होतात तेवढ्यांत तो उतरतो, शेजारच्या पेशीच्या वंशात नाही. ज्वारी-मक्याच्या पानात पेशी लांबीच्या दिशेने ओळीने विभागत जातात, म्हणून बिघडलेल्या पेशीचा वंश सरळ रेघ होऊन दिसतो. सोयाबीन-कापसात पेशी सगळ्या दिशांना विभागतात, तिथे रेघेऐवजी तुकडा किंवा फाक दिसते.

आणखी एक खूण. ज्वारीची पानं खोडावर आळीपाळीने, दोन बाजूंना येतात. पट्टा वाढबिंदूच्या एका बाजूच्या पेशींत असेल तर तो एकाआड एक पानावर, त्याच बाजूला पुन्हा पुन्हा दिसतो. असं दिसलं की मी पुढच्या खर्चिक तपासण्या सोडूनच देतो.

हिरवा रंग हरितलवकात असतो. वाढबिंदूच्या पेशीत त्यांची लहान, रंगहीन रूपं थोडीच असतात, पूर्ण वाढलेल्या पानाच्या पेशीत मात्र हिरवी हरितलवकं डझनांनी होतात. हरितलवकाला स्वतःचं छोटं डीएनए आहे, पण त्याला लागणाऱ्या बहुतेक प्रथिनांची कृती पेशीच्या केंद्रकात लिहिलेली असते. म्हणजे पांढरेपणाचं मूळ दोन ठिकाणी असू शकतं, केंद्रकात किंवा खुद्द हरितलवकात. शेतकऱ्याला हा फरक बियाणं धरताना कामी येतो, ते खाली येईलच.

कडेच्या खुणेला एक अपवाद मोसंबीत आहे. ग्रीनिंग रोगात पानावर पिवळे डाग मध्यशिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळे, बेजोड येतात. बेजोड दिसलं म्हणून 'जात्याच आहे' म्हणून मोकळं होऊ नका. ग्रीनिंगच्या डागाची कड विरलेली असते, आणि तो हळूहळू इतर फांद्यांवर जातो. खऱ्या रंगबदलाच्या फांदीवर कड स्वच्छ असते आणि गोष्ट त्या फांदीपुरतीच राहते.

सकाळी पान उलटं करा

ज्वारी-मक्याच्या पांढऱ्या रेघांना फसवणारा मोठा सोबती म्हणजे केवडा रोग. दव असताना, ऊन चढण्याआधी, पानाची खालची बाजू बघा. पांढरी भुकटी, बोटाला लागते अशी, दिसली तर ती बुरशी. पुढे त्या पानांच्या उभ्या चिंध्या होतात. दुपारी बारा वाजता पाहाल तर भुकटी दिसेलच असं नाही, म्हणून वेळेचा आग्रह. जनुकीय पट्ट्याखाली काहीच नसतं, पान वरून-खालून सारखंच स्वच्छ.

त्याच वेळी भिंगातून पांढरी माशी, मावा, फुलकिडे आहेत का तेही बघून घ्या. सोयाबीन, मूग, उडदाचा पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते. त्याचे पिवळे ठिपके शिरांची किंवा पेशींच्या ओळीची पर्वा न करता कसेही विखुरलेले असतात. असं झाड दिसलं की उपटून पुरा, फोटो काढत बसू नका.

तुरीच्या वांझ रोगात भिंगालाही फारसं काही दिसत नाही. या रोगाचा विषाणू पसरवणारी कोळी जातीची कीड डोळ्याला दिसण्यापलीकडची आहे आणि वाऱ्यावर जाते. तिथे पुंजके आणि फुलोरा नसणं हीच खूण.

मध्येच एक सांगतो. ज्वारीच्या पानावर, खास करून जखम झाली तिथे, जांभळट-लालसर डाग येतात. पुष्कळ वाणांत तो त्यांच्या रंगद्रव्याचा जनुकीय गुण असतो, काही वाणांत तोच डाग भुरा येतो. पानाची मध्यशीर पांढरी असेल तर ताट कोरडं, मळकट हिरवी असेल तर रसाळ, हाही एका जनुकाचा खेळ. कडब्याची पारख असणारे जुने लोक हे जनुकाचं नाव न घेता ओळखत आले आहेत. यातल्या कशालाही औषध लागत नाही.

कोणतं पान बिघडलंय, आणि त्याची तारीख

पूर्ण उघडलेलं पान आपला आकार बदलत नाही, कारण त्यातलं पेशींचं विभाजन संपलेलं असतं. आकार ठरतो तो पान कळीत असताना. म्हणून आकार बिघडला असेल तर झाडावर खालून वर बघत जा आणि पहिलं बिघडलेलं पान शोधा.

कापसात हे फार उपयोगी पडतं. पऱ्हाटीच्या मुख्य खोडावर साधारण तीन दिवसांना एक पेर येतं. शेंड्यापासून पहिल्या बिघडलेल्या पानापर्यंत पेरं मोजा, तीनने गुणा, त्या आसपासच्या तारखेला काय घडलं ते आठवा. तंतोतंत तारीख येणार नाही, आठवडा कळतो. बहुतेक वेळा उत्तर निघतं: शेजारच्या उसात, ज्वारीत किंवा मक्यात कुणीतरी टू-फोर-डी मारलं, किंवा तोच पंप नीट न धुता कापसात आला. कापूस या तणनाशकाला इतका हळवा आहे की पंपाच्या नळीत राहिलेला अंशही पुरतो. ते झाडाच्या ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाची नक्कल करतं. पानाच्या शिरा आणि चिरा कुठे पडायच्या हे ठरवण्यात ऑक्झिनचाच हात असतो, म्हणून नवं पान बोटांसारखं निघतं.

आता गंमत अशी की कापसात खरोखरचं भेंडीपानाचं उत्परिवर्तनही आहे. पानाचा आकार ठरवणाऱ्या एका जनुकाच्या आधीच्या, त्याला चालू-बंद करणाऱ्या भागात डीएनएच्या १३३ अक्षरांचा तुकडा दुबार झालेला आहे, त्यामुळे ते जनुक जास्त चालतं आणि चिरा खोल जातात. नेहमीच्या रुंद पानाच्या कापसात त्याच जनुकात ८ अक्षरं गळालेली आहेत, म्हणून ते अर्धवट प्रथिन करतं. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. देशी कापसाची पानंही मुळात खोल चिरांचीच.

मग शेतात फरक कसा करायचा? भेंडीपानाचं झाड लहानपणीच तसं दिसू लागतं, वरपर्यंत तसंच राहतं, पान सपाट आणि दोन्हीकडून सारखं असतं, आणि भोवतीची झाडं रुंद पानांची असतात. टू-फोर-डीचा फटका बसलेल्या झाडाची खालची पानं चांगली, वरची बिघडलेली, चुरगळलेली, आणि अख्खा पट्टा तसाच. फटका हलका असेल तर पुढची पानं सुधारत जातात. त्यावर 'उतारा' म्हणून विकलं जाणारं काहीही घेऊ नका. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, एवढंच.

पांढरेपणातही तणनाशक फसवतं. मक्यातल्या टेम्बोट्रिओनसारख्या तणनाशकाने संवेदनशील झाडाचं नवं पान पांढरं पडतं, आणि ज्वारीत ते उडून गेलं तर जोरात. हे तणनाशक पिवळी रंगद्रव्यं, म्हणजे कॅरोटिनॉइड, बनू देत नाही. ती नसली की हरितद्रव्य उन्हातच जळतं. मक्याच्या काही पांढऱ्या रोपांच्या उत्परिवर्तनांत कॅरोटिनॉइडच्या याच साखळीतलं एक विकर तुटलेलं असतं. दिसणं एकच, पण तणनाशकाचा पांढरेपणा फवारणीच्या पट्ट्यापट्ट्याने येतो आणि पुढचं पान हिरवं निघतं.

हिराकसाची चाचणी

इथपर्यंत निकाल लागला नसेल आणि कमतरतेची शंका असेल तरच हे. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल. हिराकस हिरवट स्फटिकाचं हवं, तांबूस झालेलं असेल तर ते गंजून गेलं, कामाचं नाही. द्रावण संध्याकाळी, एकाच पानाच्या अर्ध्या भागाला कापसाच्या बोळ्याने लावा. अर्धा भाग मुद्दाम कोरडा ठेवा. पानाच्या देठाला दोरा बांधून खूण करा.

चार-पाच दिवसांत लावलेल्या भागात हिरवे ठिपके उमटले तर लोहच कमी होतं. आपल्या चुनखडीच्या, सामू आठच्या वर गेलेल्या जमिनीत लोह असतं, मुळाला उचलता येत नाही. जोराच्या पावसानंतर सोयाबीन पिवळं पडतं तेव्हाही हेच, आणि वाफसा आला की पुष्कळदा आपोआप सुधारतं. काहीच बदल नाही, तर लोहाची बाटली परत ठेवा. बिघडलेल्या हरितलवकाला बाहेरून कितीही लोह द्या, ज्या प्रथिनाअभावी ते हिरवं होत नाही ते प्रथिन लोहातून येत नाही. म्हणूनच पूर्ण शेतावर फवारण्याआधी अर्ध्या पानावर बघायचं.

बियाणं पेरून बघा

ही तपासणी फक्त ज्यांना त्या झाडाचं बी, डोळा किंवा कांडी पुढे वापरायची आहे त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी झाड उपटून विषय संपवावा.

पट्टेरी झाडाच्या पांढऱ्या, हिरव्या आणि मिश्र भागावरचं बी वेगवेगळं ठेवा आणि ट्रेमध्ये पेरा. परसातल्या गुलबाक्षीवर कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये हेच दाखवलं होतं: पांढऱ्या फांदीवरच्या बीतून पांढरी रोपं, हिरव्या फांदीवरच्या बीतून हिरवी, मिश्र फांदीवरून तिन्ही तऱ्हेची, मग परागकण कुठल्याही फांदीचे असोत. कारण बहुतेक पिकांत हरितलवक आईकडूनच येतं. दोष हरितलवकात असेल तर तुमच्या ट्रेमध्येही असंच होईल.

दोष केंद्रकाच्या जनुकात असेल तर हिशेब वेगळा. हिरव्याच दिसणाऱ्या, पण दोष लपवून बसलेल्या झाडाचं स्वपरागित बी पेरलं तर साधारण चारात एक रोप पांढरं निघतं. ते बियातल्या साठ्यावर जगतं आणि साठा संपला की मरतं. त्या ट्रेमध्ये राहिलेल्या हिरव्या रोपांपैकी तीनात दोन दोष लपवून असतात, आणि ती डोळ्याला ओळखू येत नाहीत. म्हणून बीजोत्पादनात पांढरी रोपं दिसली की फक्त ती उपटून भागत नाही, ज्या झाडाचं ते बी होतं ती पूर्ण ओळ काढावी लागते. खाण्यासाठी पीक घेणाऱ्याला मात्र दोन-चार पांढरी रोपं मेल्याने काही फरक पडत नाही.

दोन्ही एकत्र आल्याचंही उदाहरण आहे. मक्यात आयोजॅप नावाचं केंद्रकातलं जनुक हरितलवक बिघडवतं, आणि एकदा बिघडलेलं हरितलवक पुढच्या पिढीत जनुक चांगलं आलं तरी दुरुस्त होत नाही. मार्कस ऱ्होड्स यांनी १९४३ मध्ये ते मांडलं.

सोयाबीनच्या निमुळत्या पानाबद्दल विचारणारे सगळ्यात जास्त. ते बहुधा नवं उत्परिवर्तन नसतं, दुसऱ्या वाणाचं बी मिसळलेलं असतं. निमुळतं पान आणि शेंगेत चार दाणे एकाच जनुकातून येतात, म्हणून शेंगा भरल्यावर दाणे मोजा. तुरीत तर पानाचा बदल मुद्दाम वापरतात: इक्रिसॅट या संशोधन संस्थेने संकरित तुरीसाठी टोकाला खाच असलेल्या, उलट्या बदामी पानाची मादी वाणं तयार केली. संकरित रोपाचं पान नेहमीसारखं लांबट येतं, आणि खाच असलेलं रोप दिसलं की ते संकर न झालेलं, म्हणून रोपावस्थेतच उपटता येतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

केळी. अर्धापूरकडच्या लोकांसाठी खास. टिश्यूकल्चर जी-नाइन या वाणात प्रयोगशाळेतल्या वाढीत काही रोपं जात्याच बदलतात: पान जाड, अरुंद, कडा वाकड्या. पण हरण्या रोगाचं, म्हणजे काकडी मोझॅक विषाणूचं रोपही जवळजवळ असंच दिसतं, आणि पर्णगुच्छ या दुसऱ्या विषाणूरोगात देठावर गडद हिरव्या तुटक रेघा येतात. हे दोन्ही मावा पसरवतो. डोळ्याने फरक करण्याच्या भरीस पडू नका. झाकून नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे न्या आणि विषाणू चाचणी सांगा. बदललेलं रोप विषाणूमुक्त निघालं तरी त्याचा मुनवा खोडव्यासाठी ठेवू नका, तोही तसाच निघेल. रोपं घेताना जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रमाणन व्यवस्थेचं लेबल मागा, त्यात विषाणू आणि जनुकीय एकसारखेपणा दोन्ही तपासतात.

मोसंबीचं मातृवृक्ष. ज्या झाडाचे डोळे कलमाला जातात त्यावर असं काही दिसलं तर डोळे काढणं त्याच दिवशी बंद. ग्रीनिंगची खात्री प्रयोगशाळेतच होते, नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था यासाठीच आहे.

तुरीचा वांझ रोग पुंजक्यांनी वाढत असेल तर परभणीच्या कृषी विद्यापीठाचा किंवा बदनापूरच्या संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. पुढच्या वर्षी प्रतिकारक वाण लावणं हाच टिकाऊ उपाय आहे.

आणि बियाण्यातच भेसळ आहे असं वाटलं, तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. समिती येऊन पंचनामा करते. बिल, पिशवी, टॅग आणि शिल्लक मूठभर बी जपून ठेवा, आणि पंचनामा होईपर्यंत वेगळी झाडं उपटू नका. एरवी उपटा म्हणतो, इथे नाही.

फोटो पाठवायचा असेल तर तीन पाठवा: धुऱ्यावरून अख्खं शेत, पूर्ण झाड जमिनीपासून शेंड्यापर्यंत, आणि उजेडाकडे धरलेलं एक पान. सोबत जमीन कोणती आणि शेवटचा पंप कशाचा मारला तेवढं लिहा.